चिठ्ठीतले जनावर

आपल्याकडे सोडत म्हटली की म्हाडाचे घर आठवते, नाहीतर शाळेतला प्रवेश. पण जनावराचीही सोडत असते, आणि त्या सोडतीत आपले नाव यावे म्हणून शहाणीसुरती, नातवंडे असलेली माणसे बारा-बारा, पंधरा-पंधरा वर्षे पैसे भरून वाट पाहत बसतात, असे मला कोणी कोल्हापुरात सांगितले असते तर मी त्याला चहा पाजून मुकाट्याने घरी पाठवले असते. परंतु २०२४ च्या मे महिन्यात, कॉलेजच्या सुट्टीत, मी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स या गावी माझ्या आतेभावाकडे गेलो आणि पुढचे तीन आठवडे माझ्या कानावर याखेरीज दुसरा विषय म्हणून पडला नाही.

दादा (आतेभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून दादा) तीस वर्षांपूर्वी शिकायला म्हणून तिकडे गेला, तिथेच नोकरीला लागला आणि यथावकाश तिथला नागरिक झाला. शिकारीचा नाद त्याला लावला शेजाऱ्यांनी. हे शेजारी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, त्या वर्षी त्र्याहत्तर वर्षांचे, बायको वारलेली, अंगाने काटक, बोलायला कमी. मीही शिकवणारा, तेही शिकवणारे, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना ‘गुरुजी’ म्हणू लागलो; या लेखातही तेच नाव ठेवतो.

या दोघांची शिकार म्हणजे एल्कची. एल्क हे हरिणकुळातले थोरले जनावर, आपल्या सांबराचा धिप्पाड चुलतभाऊच म्हणा ना. मोठा नर तीनशे किलोंच्या घरात जातो आणि त्याची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा उगवतात. वहिनींच्या घरी मांसाचा वेगळा फ्रीजर आहे. त्यात कागदात गुंडाळून तारीख घातलेले एल्कचे मांस असते, आणि कोल्हापूरहून नेलेल्या कांदा-लसूण मसाल्यात वहिनी त्याचा जो तांबडा रस्सा करतात तो खाऊन मला परदेशात आल्याचे क्षणभर विसरायला झाले. हे मांस बाजारात मिळत नाही. रानातल्या जनावराचे मांस विकणे तिथे गुन्हा आहे. आणि मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस रानात टाकून नुसती शिंगे घेऊन येणे हाही गुन्हाच आहे.

“मग अडचण कसली?” मी विचारले. “फ्रीजर तर भरलेला दिसतो.”

“अडचण वायोमिंगची आहे, मास्तर,” दादा म्हणाला. तो मला लहानपणापासून मास्तर म्हणतो. मी पुढे खरोखरच मास्तर झालो यात त्याच्या वाणीचा गुण किती कोण जाणे.

अडचण समजावी म्हणून आधी तिथली पद्धत सांगितली पाहिजे. अमेरिकेत रानातले जनावर जमीनमालकाचे नसते. जमीन कोणाचीही असो, तिच्यावर चरणारा एल्क त्या त्या राज्यातल्या जनतेचा, आणि राज्याचे वन्यजीव खाते त्याचे विश्वस्त. हे शहाणपण काही आपोआप आले नाही. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी मांस आणि कातडी पुरवणाऱ्या बंदुकवाल्यांनी रानेच्या राने रिकामी केली. एल्कला वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन दात असतात. तेवढे दोन दात घड्याळाच्या साखळीला लटकवण्यासाठी लोक आख्खे जनावर मारून टाकून देत. १९०० सालाच्या सुमाराला एल्क बहुतेक प्रदेशांतून नाहीसा झाला होता. मग कायदे आले, १९१२ साली वायोमिंगच्या जॅक्सन गावाजवळ खास एल्कसाठी राखीव कुरण झाले, आणि १९३७ साली बंदुका व काडतुसे यांच्यावरच्या कराचे पैसे वन्यजीवांच्या कामी लावणारा कायदा झाला. तो कर आजही वसूल होतो. म्हणजे शिकाऱ्याच्या खिशातूनच जनावरांची जोपासना, असा हा उफराटा पण चालणारा व्यवहार.

खाते दरवर्षी कळपांचा अंदाज घेते, राज्याचे लहानलहान विभाग पाडते आणि अमुक विभागात यंदा इतकी जनावरे मारायला हरकत नाही असे ठरवते. तितक्याच चिठ्ठ्या. चिठ्ठीला ते टॅग म्हणतात, कारण जनावर पडले की ती त्याला लावायची असते. एक चिठ्ठी, एक जनावर. चिठ्ठ्या थोड्या आणि मागणारे फार, म्हणून सोडत. त्यातही बहुतेक चिठ्ठ्या घरच्या रहिवाशांना आणि उरलेला लहान वाटा बाहेरच्यांना. दादा आणि गुरुजी कोलोरॅडोचे रहिवासी. २०२४ साली तिथल्या रहिवाशाला काही मोसमांची एल्कची चिठ्ठी सरळ विकत मिळत होती. परंतु उत्तरेच्या वायोमिंगमध्ये हेच दोघे परके. वायोमिंगच्या माणसाला एल्कचा परवाना सत्तावन्न डॉलरला. परक्याला ६९२ डॉलरला. लवकर नंबर लागण्याच्या आशेने जास्त पैसे मोजायची तयारी असेल तर १,९५० डॉलरची एक वेगळी रांगही आहे.

“बारापट पैसे देऊन तिथेच कशाला जायचे?” मी म्हणालो.

गुरुजी पहिल्यांदाच हसले. “तुम्ही तो मुलूख पाहिलेला नाही,” ते म्हणाले. “चला, दाखवतो. मग हिशेब तुम्हीच करा. आम्हा दोघांचा हिशेब जुळत नाही.”

* * *

फोर्ट कॉलिन्सहून उत्तरेला निघाले की दोन तासांच्या आत लॅरमी लागते. गाव सव्वासात हजार फुटांवर वसलेले. मे संपत आला तरी रस्त्याच्या कडेला घळींमध्ये बर्फ होते, आणि वारा असा की मोटारीचे दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरावे लागे. लॅरमीपासून पश्चिमेला जाणारा हमरस्ता म्हणजे नुसते माळरान. उजाड, करडे, सेजब्रशच्या झुडपांनी भरलेले. रस्त्यालगत मैलोगणती लाकडी कुंपणे दिसतात. ती गुरांसाठी नाहीत, वाऱ्याबरोबर वाहत येणारे बर्फ अडवण्यासाठी आहेत. वायोमिंगचे क्षेत्रफळ महाराष्ट्राचे पाच भाग केले तर त्यातल्या चार भागांएवढे भरेल, आणि २०२० च्या जनगणनेत तिथली वस्ती पावणेसहा लाख! आमच्या एकट्या कोल्हापूर शहरात २०११ साली साडेपाच लाख माणसे होती. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला येणारी माणसे एवढ्या मुलखात पसरून ठेवली तर काय दिसेल, तेच इथे दिसते. म्हणजे काहीच दिसत नाही.

दिसतात ती जनावरे. प्राँगहॉर्न नावाची पिवळीपांढरी जनावरे रस्त्याच्या बाजूला चरत होती. चपळाईत या खंडात त्यांचा हात धरणारे कोणी नाही. ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास पळतात, पण कुंपण आले की उडी मारायचे त्यांना सुचत नाही, खालून सरपटत जातात. गुरुजींनी सांगितले की २०२२-२३ च्या हिवाळ्यात राज्याच्या पश्चिम भागात इतके बर्फ पडले की ही जनावरे आणि खेचरकाने हरिण फार मोठ्या संख्येने मेले. पुढच्या मोसमात खात्याने चिठ्ठ्यांना कात्री लावली. “दहा वर्षे वाट पाहून तुम्ही जी चिठ्ठी मिळवणार,” ते म्हणाले, “तिची किंमत एका हिवाळ्यात निम्म्यावर येऊ शकते. हेही तुमच्या वहीत लिहा.” मी लिहिले.

पुढे डाव्या हाताला एल्क मौंटन हा एकटा डोंगर उभा राहिला. उंची अकरा हजार फुटांवर, माथा पांढरा. इथे मला आणखी एक गोष्ट कळली. १८६२ साली आगगाडीचा रस्ता घालण्यासाठी सरकारने रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंना जमिनीचे चौरस मैल एकाआड एक वाटून दिले. त्यामुळे बुद्धिबळाच्या पटासारखी जमीन झाली: काळे घर खाजगी, पांढरे घर सरकारी. सरकारी जमिनीवर शिकारीला मुभा आहे, परंतु पांढऱ्या घरातून पांढऱ्या घरात जायचे तर कोपऱ्याला कोपरा लागतो तिथूनच; आणि त्या कोपऱ्यावरून पाऊल टाकताना देह तर खाजगी हवेतून जातो! २०२१ साली मिसुरीतून आलेल्या चौघा शिकाऱ्यांनी याच डोंगरापाशी कोपऱ्यावर शिडी लावून पलीकडे पाऊल टाकले आणि त्यांच्यावर खटले झाले. मार्च २०२५ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने निकाल त्या चौघांच्या बाजूने दिला. आपल्याकडे बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात. इथे बांधाच्या टोकावरच्या हवेवरून चालला.

रॉलिन्सला हमरस्ता सोडून आम्ही उत्तरेला वळलो. स्वीटवॉटर नदीचे खोरे लागले. ओरेगॉनला जाणाऱ्या लोकांच्या बैलगाड्या एकोणिसाव्या शतकात याच खोऱ्यातून गेल्या. वाटेत जेफ्री सिटी नावाचे ‘शहर’ लागते. युरेनियमच्या खाणी चालू होत्या तोवर तिथे हजारोंची वस्ती होती. ऐंशीच्या दशकात धंदा बसला आणि गाव उठले. रिकाम्या रस्त्यांवर दिव्यांचे खांब तेवढे शिल्लक. त्याच्या थोडे पुढे आइस स्लू नावाची दलदल आहे. भर जुलैत तिथले गवत खणले की खाली बर्फ सापडे म्हणून गाडीवाले तिथे थांबत, असे गुरुजी म्हणाले. भूगोलाचा मास्तर बरोबर असला की मैलाचा दगडसुद्धा गप्प बसत नाही.

“तो बघा,” त्यांनी दक्षिणेकडच्या उघड्या माळाकडे बोट दाखवले. “त्या कडेच्या पलीकडे माझा विभाग.”

‘माझा’ म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली आला. बारा वर्षे हा माणूस त्या विभागाच्या चिठ्ठीसाठी थांबला होता.

* * *

लॅन्डर हे गाव विंड रिव्हर पर्वताच्या पायथ्याशी आहे. त्याच्या शेजारीच ईस्टर्न शोशोनी आणि नॉर्दर्न अरापाहो या दोन जमातींची राखीव भूमी लागते. तिथे त्यांचे शिकारीचे नियम त्यांचे. राज्याच्या सोडतीशी त्यांच्या माणसाला त्यांच्या भूमीवर कर्तव्य नाही. एके काळी हा आख्खा मुलूखच अर्ज-फी न भरता त्यांचा होता, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. गुरुजींच्या मनातही तो असावा, कारण त्या फाट्यावरून जाताना ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी गावाबाहेरच्या सिंक्स कॅनियनमध्ये गेलो. पोपो एजी नदी इथे खळाळत येते आणि डोंगराच्या एका गुहेत शिरून पार नाहीशी होते. पाव मैल खाली ती एका शांत डोहात पुन्हा वर येते. आत मधल्या वाटेत ती काय करते कोणास ठाऊक. वर रंग टाकून पाहिले तेव्हा तो खाली यायला दोन तास लागले, आणि खाली निघणारे पाणी वर शिरणाऱ्या पाण्याहून जास्त भरते. डोहात हातहातभर लांबीचे ट्राउट मासे तरंगत होते. तिथल्या लाकडी बाकावर बसून आम्ही अखेर वही उघडली.

वायोमिंगची पद्धत अशी: बाहेरच्या माणसाने एल्कसाठी दरवर्षी ५२ डॉलर भरले की त्याच्या नावावर एक पॉइंट जमतो. बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या चिठ्ठ्यांपैकी शंभरातल्या पंचाहत्तर सर्वांत जास्त पॉइंट असलेल्यांना क्रमाने मिळतात. उरलेल्या पंचवीस निव्वळ नशिबावर, त्यात शून्य पॉइंटवालाही बसतो. चिठ्ठी लागली की पॉइंट शून्य. सलग दोन वर्षे ना अर्ज केला, ना पॉइंट घेतला, तर साठवलेले सगळे बुडाले. आणि दोघांनी मिळून अर्ज केला तर दोघांच्या पॉइंटांची सरासरी धरतात.

गुरुजींचे पॉइंट १२, दादाचे ४. सरासरी ८.

गुरुजींनी २०१२ साली सुरुवात केली तेव्हा, त्यांच्या वहीप्रमाणे, त्यांच्या आवडत्या विभागाची चिठ्ठी ७ पॉइंटांना लागत होती. २०२४ साली तिला १५ लागत होते. ते बारा पायऱ्या चढले. जिना आठ पायऱ्यांनी लांबला. याला तिकडे ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात, म्हणजे मुक्काम पुढे पुढे सरकणे. कारण सोपे आहे. समजा एका विभागात पॉइंटांवर दरसाल पंधरा चिठ्ठ्या जातात आणि रांगेच्या अगदी पुढे सारख्याच पॉइंटांचे साठ लोक उभे आहेत. ते साठ संपायला चार वर्षे लागणार, आणि त्या चार वर्षांत मागच्या सगळ्यांचे पॉइंट चार-चारने वाढणार. रेशनच्या दुकानात साखर पंधरा जणांपुरती आणि रांगेत रोज चाळीस नवे येत असले तर रांगेच्या शेपटाला काय मिळते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मी पेन्सिलीने हिशेब मांडला. २०१२ साली अंतर सात पॉइंटांचे, २०२४ साली तिनाचे. बारा वर्षांत अंतर चाराने कमी झाले, म्हणजे तीन वर्षांत एकाने. उरलेले तीन याच चालीने तुटायला नऊ वर्षे. त्र्याहत्तर आणि नऊ, ब्याऐंशी.

मी वही त्यांच्यापुढे केली. त्यांनी चष्मा लावून आकडा पाहिला आणि डोहातल्या माशांकडे पाहत राहिले.

“हे मला ठाऊक होते,” ते म्हणाले. “दुसऱ्याच्या अक्षरात पाहायचे होते.”

मग खरा वाद निघाला. एकत्र अर्ज केला तर आठ-नऊ पॉइंटांत पर्वताच्या उतारावरचा एक मध्यम विभाग पुढच्याच वर्षी लागण्याजोगा होता. तिथे शिंगांचे विक्रमवीर नव्हते, पण एल्क भरपूर होता. आणखी एक अट: त्या विभागाला लागून असलेल्या ‘विल्डरनेस’ म्हणून घोषित केलेल्या रानात परक्या शिकाऱ्याने वाटाड्या किंवा वायोमिंगचा रहिवासी सोबती घेतल्यावाचून शिकार करायची नाही, म्हणजे या दोघांना खालच्या अंगालाच राहणे भाग होते. दादा मात्र तयार होईना.

“सरासरीत माझे चार वाढतात आणि यांचे चार जातात,” तो मला मराठीत म्हणाला. “बारा वर्षांची त्यांची पुंजी मी कशी खाऊ? त्यांनी मला बंदूक धरायला शिकवले. त्यांनी एकट्याने अर्ज करावा, पंचवीस टक्क्यांतही नशीब लागू शकते.”

गुरुजींना मराठी कळत नव्हते, पण चेहरा कळत होता. त्यांनी मला विचारले, “एल्कच्या नराचे मांस सुटे करून किती किलो भरते?”

“शंभराच्या आसपास, असे दादा सांगत होता.”

“ते मोटारीपर्यंत कोण आणते?”

“पाठीवर आणता ना तुम्ही?”

“मी आणत होतो,” ते म्हणाले. “आता ते,” आणि दादाकडे बोट केले. “माझी चिठ्ठी एकट्याची निघाली तरी मला यांना बरोबर न्यावेच लागणार. मग ते बंदुकीवाचून नुसते हमाल म्हणून येणार, आणि मी ब्याऐंशी वर्षांचा. हिशेबाचे हे पान तुम्ही लिहिलेच नाही, प्रोफेसर.”

दादा त्यावर काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर तो फार वेळ गप्प होता, आणि रॉलिन्सला पेट्रोल भरताना एकदम म्हणाला, “जानेवारीत एकत्र भरू.” गुरुजींनी नुसती मान हलवली आणि काच वर केली, वारा फार होता.

* * *

आमच्याकडे शिकार १९७२ च्या कायद्याने बंद झाली. माझ्या आजोबांची ठासणीची बंदूक पुढे सरकारजमा झाली आणि त्याचे दुःख घरात कोणी केले नाही. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार होई. दाजीपूरचे रान हे दरबारचे शिकारीचे राखीव रान होते, तेच १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले. म्हणजे आपल्याकडे जनावर आधी राजाचे होते आणि मग एकदम कायद्याचे झाले. मधला टप्पा, जनावर सर्वांचे आणि म्हणून चिठ्ठी टाकून वाटून घ्यायचे, हा आपण पाहिलाच नाही. आपल्या गर्दीत तो चालला असता असे मला वाटत नाही. तिकडेही सगळीच चिठ्ठी नशिबाची नसते. काही राज्ये एखाद-दुसरी चिठ्ठी लिलावाला काढतात, आणि मॉन्टॅना राज्याची रानमेंढ्याची एक चिठ्ठी २०१३ साली ४ लाख ८० हजार डॉलरला गेली. पैसा रानमेंढ्यांच्याच कामी लागतो हे खरे. पण रांगेत उभ्या असलेल्या मास्तराला त्यात काय गोडी?

मी पुढचे काही महिने, परीक्षेचे पेपर तपासता तपासता, इतर राज्यांचे नियमही दादाकडून मागवून वाचले. नेवाडात पॉइंटांचा वर्ग करून, त्यात एक मिळवून, तितक्या वेळा नाव घालतात; म्हणजे जुन्याला झुकते माप, पण नव्याला दार बंद नाही. युटात निम्म्या चिठ्ठ्या जास्त पॉइंटवाल्यांना आणि निम्म्या नशिबावर. ॲरिझोनात अर्ज करायचा तर आधी १६० डॉलरचा शिकार-परवाना घ्यावा लागतो, तो परत मिळत नाही, आणि परक्यांच्या वाट्याला जास्तीत जास्त शंभरात दहा चिठ्ठ्या. आयडाहो आणि न्यू मेक्सिको पॉइंट ठेवतच नाहीत; तिथे दरसाल सगळे सारखे.

अर्ज करण्यात अर्थ आहे का, असे मला आता कोणी विचारले तर मी चार प्रश्न उलट विचारीन. तुमचे वय काय? जिथे पॉइंटांची रांग आहे तिथे पॉइंट म्हणजे वर्षे. ज्याच्यापाशी वर्षे नाहीत त्याने पॉइंट न मोजणाऱ्या राज्यात नशीब पाहावे. तुम्हाला शिंगे हवीत की रान? विक्रमी शिंगांच्या विभागांची रांग सर्वांत लांब आणि सर्वांत वेगाने लांबणारी. रानासाठी जाणाऱ्याला मधला विभाग पुरतो. अर्जाचे पैसे परत मिळतात की बुडतात? वायोमिंगमध्ये परवान्याची पूर्ण रक्कम आधी भरावी लागते, नंबर न लागल्यास अर्जाचे १५ डॉलर वजा जाता परत येते. ॲरिझोनातला परवाना गेला तो गेला. आणि चौथा प्रश्न सिंक्स कॅनियनच्या बाकावरचा: चिठ्ठी निघेल त्या वर्षी तुमच्या बरोबर कोण असेल?

जानेवारी २०२५ मध्ये दोघांनी एकत्र अर्ज केला. तोवर प्रत्येकाचा एक-एक पॉइंट वाढला होता. तेरा आणि पाच, सरासरी नऊ. मे महिन्यात चिठ्ठ्या लागल्या. ऑक्टोबरात दोघे सहा दिवस त्या उतारावर राहिले. पाचव्या दिवशी सकाळी गुरुजींनी एक मध्यम नर टिपला. दोन्ही बाजूंना पाच-पाच फाट्यांची शिंगे, कुठल्याही विक्रमाच्या वहीत न जाणारी. मांस खाली आणायला दादाला दीड दिवस आणि चार खेपा लागल्या. त्यात त्याचा मोसम संपला आणि त्याची चिठ्ठी कोरीच राहिली. गुरुजींचा खर्च सारे पॉइंट, अर्ज आणि परवाना धरून साडेतेराशे डॉलरच्या आसपास; आपले लाखाच्या वर रुपये. त्या पैशात तिकडे गोमांस किती आले असते हे वहिनींनी मला फोनवर सांगितले. ते इथे लिहीत नाही.

दादाने कळवलेली शेवटची बातमी अशी. रानातून परतल्यावर, पॉइंट विकत घेण्याची मुदत संपायच्या आत, गुरुजींनी डेन्व्हरच्या आपल्या तेरा वर्षांच्या नातीच्या नावाने वायोमिंगचा पहिला पॉइंट घेतला. मुलांना शुल्क कमी असते. दादाने त्यांना विचारले, रांग इतकी लांबली असताना तिला त्यात कशाला उभे करता? ते म्हणाले, माझ्याजवळ वर्षे नव्हती, तिच्याजवळ आहेत. आणि त्याच विभागाचे नाव त्यांनी तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिले.